दुसरा सूर

मार्च २०१२ मध्ये ॲडिलेडला ऑस्ट्रेलियाची ऑलिंपिक निवड चाचणी झाली. २०० मीटर फ्रीस्टाइलच्या उपांत्य फेरीत इयान थॉर्पला १ मिनिट ४९.९१ सेकंद लागले आणि तो बारावा आला. अंतिम फेरीत आठ जण जातात. पुढे १०० मीटरच्या प्राथमिक फेरीत तो एकविसावा आला आणि लंडन ऑलिंपिकचा विषय तिथेच संपला. याच थॉर्पने २००१ साली फुकुओकात २०० मीटर १ मिनिट ४४.०६ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला होता. पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं त्याच्या नावावर होती. नोव्हेंबर २००६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये परत येतो म्हणाला आणि वर्षभरात हे असं झालं. अशा वेळी जे बोललं जातं ते जगात सगळीकडे सारखंच असतं, आपल्याकडे त्याला तयार म्हणही आहे: कशाला आला परत? झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली असती.

ही काळजी वाटते, पण तिच्यात मालकीचा वास आहे. मूठ त्याची आणि सव्वा लाख आपले. १६ सप्टेंबर २००० च्या रात्री सिडनीत सतरा वर्षांच्या या पोराने ४०० मीटर ३ मिनिटं ४०.५९ सेकंदांत पोहून विश्वविक्रम मोडला आणि त्याच रात्री ४ बाय १०० मीटर रिलेचा शेवटचा टप्पा पोहून अमेरिकेला हरवलं. ती रात्र ज्यांनी पाहिली त्यांना ती जशीच्या तशी जपून ठेवायची असते, आणि बारावा नंबर त्यांच्या डोळ्यांत खुपतो. खुपू दे. ॲडिलेडमुळे सिडनीतल्या वेळेत एक शतांशाचाही फरक पडला नाही. गायकाचा आवाज गेला की जुन्या मैफिलींच्या आठवणीही थोड्या बेसूर होतात म्हणे. घड्याळावर चालणाऱ्या खेळात ती भीती नाही.

आपल्या मनातला निवृत्तीचा नमुना सुनील गावसकरचा आहे. मार्च १९८७, बंगळुरू, पाकिस्तानविरुद्धची कसोटी, फिरत्या खेळपट्टीवर ९६ धावा आणि कसोटी क्रिकेटला रामराम. लोक हळहळत असतानाच जावं, हा धडा तेव्हापासून घराघरात पाठ आहे. पण गावसकर तेव्हा सदतीस वर्षांचा होता. खेळायचं ते सगळं खेळून झालं होतं आणि गेला तो स्वतःच्या विचाराने. चोविसाव्या वर्षी पाणी सोडणाऱ्या थॉर्पला तोच धडा लावणं म्हणजे नोकरीच्या दुसऱ्या वर्षी राजीनामा देणाऱ्या मुलाचा सेवापूर्ती समारंभ करण्यासारखं आहे.

जलतरण हा फार लहान वयात सुरू होणारा आणि फार लवकर संपवला जाणारा खेळ आहे, आणि माझ्या मते परतीचा सगळा प्रश्न इथे अडकला आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाला पहाटे कुणीतरी उठवतं, टँकवर नेऊन सोडतं. अकराव्या-बाराव्या वर्षी प्रशिक्षक सांगतात की पोरात दम आहे. तेव्हापासून दिवसाला दोन सत्रं, आठवड्याला कित्येक किलोमीटर, टँकच्या तळाची काळी रेघ आणि क्लोरीनचा वास. थॉर्प मोठ्या बहिणीच्या मागे मागे टँकवर गेला. लहानपणी त्याला क्लोरीनची ॲलर्जी होती म्हणून तो डोकं पाण्याबाहेर ठेवून पोहायचा. चौदाव्या वर्षी तो ऑस्ट्रेलियाच्या संघात होता आणि पंधराव्या वर्षी, १९९८ मध्ये पर्थला, विश्वविजेता. मायकेल फेल्प्स अकरा वर्षांचा असताना बॉब बोमन या प्रशिक्षकाच्या हाताखाली आला, पंधराव्या वर्षी सिडनी ऑलिंपिकमध्ये पोहला आणि पुढे वर्षानुवर्षं रविवारी आणि नाताळलाही पाण्यात उतरत राहिला. या मुलांनी आपणहून काय ठरवलं होतं? फारसं काहीच नाही. त्यांची आवड खोटी होती असं कुणी म्हणणार नाही, पण आवड असणं आणि आयुष्य कशात घालायचं ते ठरवणं यांत अंतर असतं. पहिला सूर त्यांना मारायला लावलेला असतो.

म्हणून पाच-सात वर्षं बाहेर राहून, नोकरी, लग्न, दारू, कंटाळा, झोप असं सगळं पाहून जो माणूस पुन्हा स्टार्टिंग ब्लॉकवर चढतो, त्याचा तो निर्णय मला पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा वाटतो. परतणं ही त्याची स्वतःची पहिली निवड असते. तिथे पदक मिळालं तर आनंद आहे, पण परतणं बरोबर होतं की चूक हे पदकावरून ठरवता येत नाही.

अँथनी अर्व्हिनचं उदाहरण घ्या. सिडनीत १९ व्या वर्षी त्याने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, तेही संघातल्याच गॅरी हॉल ज्युनियरबरोबर विभागून. दोघांची वेळ २१.९८. बावीस वर्षांचा असताना त्याने पोहणं सोडलं. बँडमध्ये वाजवलं, भटकला, व्यसनांत बुडाला, न्यूयॉर्कमध्ये लहान मुलांना पोहायला शिकवलं. सिडनीचं पदक त्याने ऑनलाइन लिलावात काढलं आणि आलेले १७ हजारांवर डॉलर त्सुनामीग्रस्तांना दिले. मग तिशीत तो परत आला. लंडनला पाचवा आला. तिथे थांबला असता तर लोक म्हणाले असते, ठीक आहे, हौस फिटली. तो थांबला नाही. रिओत २०१६ साली पस्तिसाव्या वर्षी त्याने २१.४० सेकंदांत सुवर्ण जिंकलं. गतविजेता फ्लोराँ मानोदू २१.४१. त्या क्षणी अर्व्हिन वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारा सर्वांत वयस्कर जलतरणपटू ठरला. पण पाचवा नंबर घेऊन तो घरी गेला असता तरी त्याच्या परतण्यात काही उणं नव्हतं असंच मी म्हणेन.

इथे शतांश सेकंदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण परत येणाऱ्यांचं भवितव्य या एवढ्याशा जागेत ठरतं. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये माणूस सेकंदाला सव्वादोन मीटरच्या आसपास जातो. म्हणजे एक शतांश सेकंदात साधारण सव्वादोन सेंटिमीटर, बोटाचं एक पेर. टचपॅडला बोट कुठल्या कोनात लागलं, शेवटचा हात लांबवला की अर्धा हात जास्त मारला, यावर निकाल फिरतो. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एक शर्यत सेकंदाच्या दोन सहस्रांशांनी ठरवली गेली. नंतर लक्षात आलं की टँकच्या दोन लेनच्या लांबीतच त्याहून जास्त फरक असू शकतो. तेव्हापासून घड्याळ शतांशावर थांबतं आणि बरोबरी झाली तर दोघांना पदक मिळतं. अर्व्हिन आणि हॉल यांचं विभागून सुवर्ण त्याच नियमातलं. थोडक्यात, या खेळाने स्वतःच मान्य केलेलं आहे की एका पेरापलीकडे आपल्याला काही मोजता येत नाही. त्या पेराच्या आधारे आपण माणसाच्या परतण्याला यशस्वी किंवा फसलेलं ठरवतो.

डारा टोरेसचं पाहा. १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये पहिलं ऑलिंपिक, अधूनमधून निवृत्त्या, २००६ मध्ये मुलीचा जन्म, आणि २००८ मध्ये बीजिंगला ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदकं. ५० मीटरमध्ये ती २४.०७, जर्मनीची ब्रिटा स्टेफन २४.०६. पुन्हा एक पेर. एवढ्या वयात एवढा वेग कसा, अशी कुजबुज होणारच होती. ती ओळखून तिने जास्तीच्या उत्तेजक चाचण्या आपणहून मागून घेतल्या. ते तिला करावं लागलं, यातही परतणाऱ्यांकडे पाहण्याची आपली नजर दिसते. हरले तर हसायचं आणि जिंकले तर संशय घ्यायचा.

थॉर्पचं पुनरागमन का फसलं? त्याने दिलेला अवधी अपुरा होता हे एक. धावपटूचे पाय चालताना, जिने चढताना थोडेफार तरी राबतात. पोहण्याला पाण्याबाहेर पर्याय नाही. तळव्यावर आणि हाताच्या पुढच्या भागावर पाणी धरून ठेवण्याची जी जाण असते, पोहणारे ज्याला सरळ पाण्याचा फील म्हणतात, ती काही आठवड्यांत बोथट होते आणि परत यायला तिला महिने लागतात. चार-पाच वर्षांनी परतलेल्या माणसाला ताकद जिममध्ये कमावता येते, फील तिथे मिळत नाही. थॉर्प स्वित्झर्लंडमध्ये टेनेरोला जाऊन अलेक्झांडर पोपोव्हचे गुरू गेनाडी तुरेत्स्की यांच्याकडे नव्याने स्ट्रोक घडवत बसला होता. मोडून पुन्हा बांधायला एक वर्ष फारच थोडं.

दुसरं कारण कमी बोललं जातं. तो गेला तेव्हाचा खेळ आणि तो आला तेव्हाचा खेळ एक नव्हता. थॉर्पची प्रतिमा आठवा, मनगटापासून घोट्यापर्यंत काळा अंगभर पोशाख. मधल्या काळात पॉलियुरेथेनचे पोशाख आले, २००८-०९ मध्ये विक्रमांचा पाऊस पडला, रोम २००९ मध्ये पॉल बीडरमानने थॉर्पचा ४०० मीटरचा विक्रम नेमका एक शतांशाने मोडला. मग १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले आणि पुरुषांना कमरेपासून गुडघ्यापर्यंतच कापड घालायची परवानगी उरली. पॉलियुरेथेनबरोबर थॉर्पचा जुना पोशाखही गेला. स्टार्टिंग ब्लॉकला मागे तिरकी पट्टी आली आणि सूर मारण्याची पद्धत बदलली. परत आलेल्या माणसाला आपल्याच घरातल्या बदललेल्या कड्याकुलपांशी झटावं लागलं.

तिसरं कारण सर्वांत अवघड. २०१२ च्या अखेरीस आलेल्या आत्मचरित्रात थॉर्पने आपल्या नैराश्याबद्दल आणि दारूबद्दल लिहिलं आणि २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरच्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. ॲडिलेडला ब्लॉकवर उभ्या असलेल्या माणसाच्या मनावर काय काय होतं ते लोकांना तेव्हा ठाऊक नव्हतं. इथे माझ्या मुद्द्याला एक रास्त हरकत येते: मग हे परतणं ही निवड कसली? पाण्याबाहेर जगता येत नव्हतं म्हणून माणूस पाण्यात पळाला असेल तर?

असेलही. काही परतणी पळवाटाच असतात. फेल्प्स २०१४ च्या एप्रिलमध्ये परतला तो सावरलेला माणूस नव्हता. सप्टेंबरात दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला, सहा महिन्यांची बंदी आली, २०१५ च्या जागतिक स्पर्धेतून नाव गेलं. मग उपचार केंद्रात राहिला आणि तिथून बाहेर पडून रिओत पाच सुवर्ण आणि एक रौप्य जिंकलं. निवड आणि पळवाट यांतली रेघ टँकच्या तळाच्या रेघेइतकी ठळक नसते. पण पळवाट म्हणून सुरू झालेली गोष्ट मध्येच कधीतरी निवड होऊ शकते आणि त्यासाठी माणसाला पाण्यात उतरू द्यावं लागतं. काठावरून हे ठरत नाही.

पैशासाठी परतणारे मात्र वेगळे मोजावेत. म्युनिकमध्ये सात सुवर्णं जिंकणारा मार्क स्पिट्झ १९९२ च्या बार्सिलोनासाठी ४१ व्या वर्षी पुन्हा प्रयत्नाला लागला, तेव्हा चित्रपटकर्ता बड ग्रीनस्पॅन याने पात्र ठरल्यास १० लाख डॉलर देऊ केले होते. १०० मीटर बटरफ्लायमध्ये अमेरिकेच्या चाचणीसाठी ५५.५९ हवे होते, त्याला ५८.०३ लागले. अलीकडे ऑस्ट्रेलियाचा जेम्स मॅग्नुसन, ज्याचं लंडनमधलं १०० मीटरचं सुवर्ण एका शतांशाने हुकलं होतं, निवृत्तीतून बाहेर आला तो उत्तेजकांना मुभा देणाऱ्या ‘एन्हान्स्ड गेम्स’साठी. ५० मीटरचा विश्वविक्रम मोडला तर तिथेही बक्षीस १० लाख डॉलर. स्पिट्झचा प्रयत्न मला निरुपद्रवी वाटतो, थोडा गमतीचाही. मॅग्नुसनचा वाटत नाही. पुन्हा पोहायचं ठरवणं आणि पुन्हा पोहण्यासाठी शरीर प्रयोगशाळेला भाड्याने देणं या दोन गोष्टी एका नावाखाली खपवू नयेत. एरवी जगभरच्या नियमांनुसार निवृत्त खेळाडूला परतायचं तर किमान सहा महिने आधी चाचणी यंत्रणेला स्वतःला उपलब्ध करून द्यावं लागतं. हा नियम चांगला आहे. परतणाऱ्याच्या इराद्याची ती पहिली परीक्षा आहे.

हे सगळं ऑस्ट्रेलिया-अमेरिकेचं झालं. तिथे परतायला निदान टँक असतो आणि वाट पाहणारे प्रशिक्षक असतात. आपल्याकडे पहिली निवृत्ती चोविसाव्या वर्षीही येत नाही, ती दहावीला येते. पुण्याचा टिळक तलाव घ्या किंवा दादरला शिवाजी पार्कजवळचा, नववीपर्यंत राज्य स्पर्धेची तयारी करणारी मुलं पुढच्या जूनमध्ये दिसेनाशी होतात. ‘यंदा दहावी आहे ना’ एवढं कारण पुरतं. काहींना मागच्या स्पर्धेचे क्रीडा गुण मिळतात आणि पोहण्याचा हिशोब गुणपत्रिकेवर मिटतो. मग बारावी, सीईटी, इंजिनिअरिंग. त्यातला एखादा विसाव्या वर्षी परत यावंसं वाटून तलावावर गेलाच तर त्याच्यासाठी बॅच नसते: एकीकडे ‘शिकाऊ’, दुसरीकडे ‘स्पर्धक’, आणि स्पर्धकांत सगळे तेरा-चौदाचे.

यातून जो वर आला त्याची गोष्ट आपल्याला जवळची आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बंगळुरूत निहार अमीन यांच्याकडे घडला आणि सोळाव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकला पोहला. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने कांस्य जिंकलं. १९८६ मध्ये सोलला खजान सिंगने मिळवलेल्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेतलं भारताचं जलतरणातलं ते पहिलं पदक. चोवीस वर्षांनी! मग राज्य शासनाने त्याला तहसीलदार केलं. खेळाडूचा सन्मान म्हणजे नोकरी, हे आपल्याकडचं ठरलेलं उत्तर. सरकारी भरतीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पदकविजेत्यांना थेट नियुक्त्याही मिळतात, आणि मध्यमवर्गीय घरात याहून मोठी सुरक्षितता दुसरी नाही. मी तिला नावं ठेवणार नाही.

पण तहसीलदाराचा दिवस कसा असतो ते ज्यांनी तालुक्याच्या कचेरीत एक दुपार काढली आहे त्यांना माहीत असतं. फेरफाराच्या तक्रारी, दाखले, वाळूचे डंपर, निवडणूक आली की मतदार याद्या, पाऊस झाला की पंचनामे. खाडे मालवणला तहसीलदार होता. समुद्र दाराशी, डिसेंबरात चिवला बीचवर सागरी जलतरण स्पर्धेला लहानथोर झुंबड करतात, पण समुद्रात ५० मीटरचा वेग घडवता येत नाही. त्याला मोजलेली लेन लागते, भिंत लागते, काठावर घड्याळ धरून उभा असलेला माणूस लागतो. पदकाबद्दल दिलेल्या बक्षिसानेच त्याचं पोहणं मागे पडलं आणि यात कुणालाच काही खटकलं नाही.

तो परत आला. जकार्तात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलच्या प्राथमिक फेरीत त्याने राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत २२.४७ सेकंदांत चौथा आला. कांस्य जिंकणाऱ्या जपानी जलतरणपटूची वेळ होती २२.४६. बोटाचं तेच एक पेर. बातम्यांत ‘थोडक्यात हुकलं’ आलं आणि लोक पुढच्या बातमीकडे वळले. वर्षानुवर्षं फायलींत काढलेला माणूस सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आयुष्यातली सर्वांत वेगवान शर्यत पोहतो, ही बातमी झालीच नाही. मधली वर्षं त्याला टँकवर मिळाली असती तर काय झालं असतं, हा प्रश्नही कुणी मंत्रालयाला विचारला नाही.

करोनाकाळात तलाव बंद झाले. इतर खेळांची मैदानं उघडू लागली तरी टँकना कुलूपच होतं. जून २०२० मध्ये खाडेने जाहीरपणे लिहिलं की निवृत्तीचा विचार करावा लागेल. स्पर्धक जलतरणपटूंसाठी तलाव उघडायला ऑक्टोबर उजाडला. तरीही तो टिकला आणि २०२३ मध्ये गोव्याच्या ३७ व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून त्याच स्पर्धेत निवृत्त झाला. महिलांच्या ५० मीटरचं सुवर्ण त्याची पत्नी ऋजुता खाडे हिने जिंकलं. गावसकरचा धडा गिरवायचाच असेल तर हा आहे. गेला तेव्हा जिंकून गेला आणि आपल्या मर्जीने गेला. मधल्या परतीशिवाय ही मर्जी त्याच्या वाट्याला आली नसती.

ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन मॅकेव्हॉयचा उल्लेख शेवटी अशासाठी की त्याने औपचारिक निवृत्ती न घेता टोकियोनंतर वर्षभर पाणी सोडलं, परतताना आठवड्याचे किलोमीटर धाडकन कमी केले, त्याजागी ताकदीचा व्यायाम आणला आणि पॅरिसमध्ये तिसाव्या वर्षी ५० मीटरचं सुवर्ण नेलं. लहानपणी प्रशिक्षकाने आखलेल्या वेळापत्रकाला मोठेपणी त्याने प्रश्न विचारला. हे मोठा माणूसच करू शकतो. आपल्या टँकवर मोठी माणसं परतलीच नाहीत तर हे प्रश्न कोण विचारणार?

त्यासाठी करायच्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. खेळाडू म्हणून नोकरी दिलेल्या माणसाला खेळत असेपर्यंत टँक असलेल्या गावी नेमणूक आणि सरावाची भरपगारी वेळ द्यावी, तीही अर्ज-विनंत्यांविना. महापालिकेच्या तलावांवर अठरा वर्षांपुढच्या स्पर्धकांसाठी पहाटेची एक लेन राखून ठेवावी. आणि घरातल्यांनी, तुमची मुलगी कॉलेज संपल्यावर एक दिवस म्हणाली की मला पुन्हा पोहायला जायचंय, तर आता पदक मिळणार आहे का असं विचारू नये. तलाव किती वाजता उघडतो ते विचारावं आणि तिला सोडायला जावं.